नाकावर टेकलेलं विमान

सरांच्या तोंडात कायम पुदिन्याची गोळी असायची. छोट्या विमानात दोन माणसं इतकी जवळ बसतात की खांद्याला खांदा लागतो, आणि इंजिनाच्या गोंगाटामुळे कानांवर हेडफोन, तोंडासमोर माइक. त्यामुळे शेजारच्याचा श्वाससुद्धा थेट आपल्या डोक्यात ऐकू येतो. गोळी दातावर आपटली की खट्ट, मग जिभेखाली चोखल्याचा ओला आवाज, मग पुन्हा खट्ट. घाटावरच्या त्या धावपट्टीवर मी जे काही शिकले ते या आवाजाच्या सोबतीने शिकले. आज मी स्वतः दुसरीकडे विद्यार्थ्यांच्या शेजारी बसते. विमानात चढण्याआधी तोंडातलं सगळं टाकून या, असं मी त्यांना सांगते. त्यांना तो सुरक्षिततेचा नियम वाटतो. मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

विमान उडवायला शिकणं म्हणजे बहुतेक वेळ उतरायला शिकणं. वर जायचं, धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, चाकं टेकली की लगेच पुन्हा वर. असं उन्हं चढेपर्यंत. सगळी गोम शेवटच्या काही क्षणांत असते. जमीन अंगावर आल्यासारखी दिसू लागली की नाक हलकेच वर धरायचं, विमानाचा वेग आपोआप मरू द्यायचा, म्हणजे मागची दोन चाकं आधी टेकतात आणि नाकाखालचं नाजूक चाक सगळ्यांत शेवटी. घाई केली तर नाकाचं चाक आधी आपटतं. मग विमान चेंडूसारखं उसळतं, घाबरलेला माणूस नाक खाली दाबायला हातातला दांडा पुढे ढकलतो, ते आणखी जोरात आपटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उडीला नाकाचा पाय मोडतो, नाकापुढचा पंखा जमिनीला घासतो. आमच्याकडे याला ‘बेडूक’ म्हणत. अमक्याने बेडूक केला म्हटलं की जेवणाच्या मेजावर हशा पिकायचा.

मी तिथे असताना एका मुलाने एकट्याने उडताना असाच बेडूक केला आणि विमान गवतात जाऊन एका पंखावर कललं. आम्ही धावत गेलो. तो बाहेर येऊन गवतात बसला होता, ओठ फुटला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. सर जीपमधून आले. त्याच्याकडे न बघता विमानाभोवती एक चक्कर मारली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, “ताडपत्री आणा. रस्त्यावरून दिसतंय.” विमान झाकून झाल्यावर मग त्या मुलाला पाणी मिळालं. ते पाणीही मीच दिलं, आणि तेवढ्यावरून दुसऱ्या दिवशी आमच्या दोघांच्या नावाने मुलांच्या व्हॉट्सअॅप गटात विनोद फिरले. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “विमान मोडतं ते विद्यार्थ्याच्या हातून, वाचतं ते माझ्या हातून.” नवीन मुलं आली की ते हे वाक्य म्हणत आणि जुनी मुलं हसत. मी हसायचे नाही, पण हसायचे नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये इतपत तोंड हलवायचे. शाळेपासूनची सवय. मालवणातल्या इंग्रजी शाळेत डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या मुलींशेजारी बसताना आपल्या केसांना माशांचा वास येतोय का, याचा अंदाज घेत मी वर्षं काढली होती. बोलण्याआधी बघून घ्यायचं, आणि शक्य असेल तर बोलायचंच नाही, हे मला चांगलं जमत होतं.

तर त्या दिवशीचं. हवा शांत होती, सकाळचं कोवळं ऊन. माझ्या शेजारी सर. पहिल्या दोन उतरण्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत मला डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्या मांडीवर मोबाइलचा उजेड दिसत होता. कसली तरी छोटी छोटी दृश्यं अंगठ्याने सरकवत होते. खट्ट, चोखणं, खट्ट. मी खाली आले, नाक वर धरलं. थोडं लवकरच धरलं. विमान धावपट्टीच्या जरा वर तरंगत राहिलं. हे नवख्यांचं नेहमीचं असतं, त्यात भिण्यासारखं काही नसतं. थोडी कळ काढली की ते आपणहून बसतं. मी कळ काढत होते. तेवढ्यात सरांनी मान वर केली, जमीन अपेक्षेपेक्षा लांब दिसली की जवळ, देव जाणे, आणि त्यांच्या बाजूचा दांडा त्यांनी सरळ पुढे ढकलला. दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले असतात. माझ्या मुठीतला दांडा माझ्या हातातून पुढे गेला.

विमानाचा ताबा घेण्याची एक रीत असते, आणि ती पहिल्याच दिवशी शिकवतात. जो ताबा घेणार त्याने आधी मोठ्याने म्हणायचं, ‘आय हॅव कंट्रोल’. दुसऱ्याने हात सोडायचे आणि म्हणायचं, ‘यू हॅव कंट्रोल’. मगच हात लावायचा. दोघांचे हात एकाच वेळी कंट्रोलवर नकोत, आणि कुणाचेच नाहीत असंही नको, म्हणून हे शब्द. मला ही रीत नवी वाटली नव्हती. खाडीत बाबा मला होडीचं सुकाणू धरायला द्यायचे तेव्हा परत घेताना आधी म्हणायचे, “सोड गो, माझ्याकडे दी.” समोर खडक दिसत असला तरी आधी म्हणायचे.

सर काही म्हणाले नाहीत. नाकाचं चाक आपटलं, आम्ही उसळलो, पुन्हा आपटलो, आणि मग खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. पंखा धावपट्टीवर घासला, ठिणग्या दिसल्या, आणि विमान नाक जमिनीला लावून, शेपटी वर करून घसरत जाऊन थांबलं. सगळं शांत झालं. इंजिनाच्या भागातून काहीतरी ठिबकत होतं आणि पेट्रोलचा वास येत होता. मी पट्ट्यात लटकल्यासारखी पुढे झुकले होते. तेव्हा, त्या शांततेत, सर दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून खणखणीत आवाजात म्हणाले, “आय हॅव कंट्रोल.” गोळी तेव्हाही तोंडात होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय केलंस हे?”

मी पट्टा सोडवला.  बाहेर आलो, मुलं धावत आली, ताडपत्री आली, आणि ताडपत्री बांधून होईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की मी बेडूक केला आणि सर शेजारी होते म्हणून जीव वाचला. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “घरी जा, आराम कर. चौकशीला सरकारी माणूस येईल तेव्हा बोलावतो.” त्यांचा तो तळहात घामेजलेला होता. वसतिगृहावर जाऊन मी केस दोनदा धुतले.

कणकवलीच्या एसटी स्टँडवर बाबा न्यायला आले होते. मोटरसायकलवर मागे बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “लागला नाय मां?” मी नाही म्हटलं. मग घरापर्यंत ते वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला गाडी एवढी हळू करत होते, जणू मी काचेची आहे. आमच्या पडवीत आईची खानावळ. बाबा पूर्वी मासेमारीला जायचे, आता तीच होडी पर्यटकांना खाडी दाखवते. सकाळ व्हायची ती ओल्या खोबऱ्याचं वाटप फिरवणाऱ्या मिक्सरच्या घरघरीने. मग आमसुलाचा आंबट वास, तव्यावर रव्यात घोळलेल्या सुरमईची चरचर, आणि पडवीतून येणारे, “मावशी, सोलकढी एक्स्ट्रा मिळेल का?” हे पुणेरी आवाज. एरवी या घरी आले की दुसऱ्या दिवशीच मला कंटाळा यायचा. त्या वेळी मात्र मी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून कोलंबी सोलत राहिले. हाताला वास लागू दिला. आई विचारत नव्हती. कोण आलं की फक्त म्हणायची, “तिका बोलत करू नको. दमला हा चेडू.”

पण लोक यायचे थांबले नाहीत. बाबांचे चुलतभाऊ तातूकाका तर रोज चहाला. “इमानाक बिरेक नाय काय गो?” त्यांनी मला विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच हसले. “आमचो बंडू रिक्षा उलटी करता, तू इमान. घराण्याचा नाव काढलास.” शेजारच्या काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून कानाशी बोटं मोडली आणि लगेच विचारलं की आता हे शिक्षण बंद ना, एक चांगलं स्थळ आहे कुडाळला. प्रत्येकजण आईच्या हातचं काहीतरी खाऊन जायचा. माझ्या अपघाताने खानावळीतली केळ्यांची भजी संपवली, असं मला तेव्हा वाटायचं.

मग बाबांनी ठरवलं की देवळात गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे हे असतंच. नवी होडी पाण्यात घातली, कुणी दुखण्यातून उठलं, कुणी मुंबईला निघालं, की नारळ घेऊन ग्रामदेवतेसमोर उभं राहायचं. गुरव देवाशी मोठ्याने बोलतो, घरचा माणूस बोलावा तसा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” लहानपणी मला ते फार आवडायचं. त्या दिवशी मी नारळ धरून उभी होते, दहा-पंधरा माणसं मागे, आणि गुरवकाका डोळे मिटून सांगत होते, “बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे उभा आसा. आभाळातसून तू तेका उचलून आणलंस.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्या हातसून जी काय चूक झाली आसात, ती पोटात घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. तातूकाका सगळ्यांत मोठ्याने. बाबाही म्हणाले.

गुरवकाकांच्या मनात काही नव्हतं. ते वाक्य ठरलेलंच असतं, होडी खडकाला लागली तरी तेच म्हणतात. पण नारळाची शेंडी हातात धरून मी तिथे उभी होते आणि अख्खं गाव देवासमोर माझी चूक एका सुरात मान्य करत होतं.  देवळात तेलाचा आणि वटवाघळांच्या घाणीचा वास होता. मी नारळ पुढे केला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

शनिवारी दुपारी सर आले. कळवून नाही. अर्धी चड्डी, फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर काळा चष्मा. गोव्याला चालले होते, वाटेत थांबले. हातात काजू कतलीचा खोका होता. आमच्या परसातच काजूची झाडं आहेत. बाबांची धांदल उडाली. खानावळीत कितीही मोठा माणूस आला तरी ते कधी त्याच्यासोबत बसत नाहीत, उभं राहून वाढतात. सरांना मात्र त्यांनी घरात नेलं, माजघरातल्या मेजाशी बसवलं आणि आतून ओरडले, “सर इलेत. कोंबडी-वडे कर. आनी कुर्ल्यो आसत मां?”

सर जेवले. मला ते जेवण विसरता आलेलं नाही. कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी दाढेखाली फोडली की खट्ट, मग आतला रस ओढून घेतल्याचा ओला आवाज, मग पुन्हा खट्ट. मी दाराशी उभी होते आणि डोक्यात पुन्हा तो हेडफोन चढला होता. रश्शाचा ओघळ मनगटावरून कोपराकडे गेला, तो त्यांनी जिभेने टिपला. मधे मधे बोलत होते.

“मुली हुशार असतात हो. पण जमीन जवळ आली की घाबरतात. हिचा दोष नाही, निसर्गच तसा आहे.”

“होय होय, सर,” बाबा म्हणाले. बाबांचं सरकारी ऑफिसात गेल्यावर बोलायचं मराठी बाहेर आलं होतं.

“सोमवारी चौकशीला माणूस येतोय. हिने सरळ सांगायचं, ‘ताबा माझ्याकडे होता, माझा अंदाज चुकला.’ विषय संपला. मी आहेच. आणखी थोडा सराव करून घेईन, परवाना कुठे जात नाही. उगाच वाकडंतिकडं बोलली, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. दुसरीकडे कोण घेणार हिला?”

“होय, सर. तुम्ही सांगाल तसं.” आणि बाबांनी त्यांच्या ताटात आणखी एक कुर्ली ठेवली. सगळ्यांत मोठी.

तोपर्यंत मी काय करणार हे मलाही माहीत नव्हतं. मला उडायचं होतं. दुसरं काही नको होतं. होय म्हटलं असतं तर सोमवारनंतर मी पुन्हा त्या धावपट्टीवर असते, हे अगदी खरं होतं. पण ती कुर्ली त्यांच्या ताटात पडली आणि त्यांनी ती न बघता उचलली, मोडली, तेव्हा मला इतकी शिसारी आली की भीतीला जागाच उरली नाही.

“सर,” मी म्हटलं, “तुम्ही आय हॅव कंट्रोल कधी म्हणालात?”

त्यांनी वर बघितलं. “काय?”

“विमान थांबल्यावर म्हणालात. पंखा बंद पडला होता.”

सर हसले. बाबांकडे बघून म्हणाले, “बघा, अजून शॉकमध्ये आहे.” बाबाही अर्धवट हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे काय गो?”

मी घरात प्रमाण मराठी बोलायचे, आईबाबा मालवणी. ते आमचं ठरून गेलं होतं. त्या वेळी मात्र मालवणीत बोलले, अडखळत, चुकत. “बाबा, तुमी सुकाणू घेताना आधी सांगतास मां, सोड म्हणान? तसाच आसता. ह्येंनी सांगल्यानी नाय. माझे हात आसताना दांडो ढकलल्यानी. इमान मोडल्यार मगे सांगल्यानी.”

बाबांचं हसणं चेहऱ्यावरच राहिलं, पण विझल्यासारखं. “खरां काय, सर?”

“अहो, त्या क्षणी कोण बोलत बसतं? विमान वाचवायचं असतं.”

“आनी वाचला काय?” आई म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. हातात गरम वड्यांचं ताट.  आमच्या घरात पाहुणा नको म्हणाला तरी आई दोनदा वाढते, “घेवा ओ, एक वडो काय जड जाता?” हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले. त्या दिवशी तिने ताट मेजाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि आत निघून गेली. सरांच्या पानात वडा उरला नव्हता. त्यांनी झाकलेल्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि उरलेला रस्सा बोटाने चाटला.

बाबांनी त्यांना सोलकढी दिली. हात धुवायला पाणी दिलं, पुसायला स्वच्छ टॉवेल दिला. गाडीपर्यंत गेले. वर आमसुलांची एक पिशवीही दिली. मी खिडकीतून बघत होते. सर जाताना मला मोठ्याने म्हणाले, “विचार कर,” आणि खिशातून गोळी काढून तोंडात टाकली. बाबा घरात आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नाही. आजही ती पिशवी आठवली की माझा त्यांच्यावरचा राग अगदी ताजा होतो, आणि हे मी त्यांना सांगितलेलं आहे. ते म्हणतात, घरात इलेल्या माणसाक रित्या हातान कसा धाडूचा. काजू कतलीचा खोका आईने न उघडता कुत्र्यासमोर ठेवला. कुत्र्याने मात्र खाल्ली.

सोमवारी मी गेले आणि जे झालं ते सांगितलं. चौकशीचा माणूस सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी असं ठरलं की ताबा नेमका कोणाकडे होता हे सांगता येत नाही. त्या जागेत पुढे राहणं शक्य नव्हतं. दुसरीकडे घेतलं गेलं, पण फार उशिराने, फार हेलपाटे घालून. सर अजून तिथेच शिकवतात असं ऐकते. वाक्यही तेच असेल.

पण त्या सोमवारच्या आधीचा रविवार सांगायचा राहिला. सकाळी मिक्सर सुरू व्हायच्या आत बाबांनी मला उठवलं. हातात नारळ होता. “चल,” एवढंच म्हणाले. देवळात त्यांनी तीच माणसं बोलावून ठेवली होती. तातूकाका जांभया देत होते. गुरवकाकांनी नारळ घेतला आणि बाबांना विचारलं, “परत? आता काय सांगू देवाक?”

बाबा माझ्याकडे वळले. “काय म्हणाचा ता तूच सांग.”

एवढ्या माणसांत मी त्याआधी कधी तोंड उघडलं नव्हतं. “चूक माझी नव्हती म्हणा,” मी म्हटलं.

गुरवकाकांनी क्षणभर विचार केला. असं वाक्य त्यांच्या ठरलेल्यात नव्हतं. मग डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, मागल्या खेपेक आमी तुका चुकीचा सांगलाव. चूक ह्या लेकराची नव्हती म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. तीच माणसं, तोच सूर, तेवढाच जोर. तातूकाका पुन्हा सगळ्यांत मोठ्याने. चूक माझी होती तेव्हाही व्हय, नव्हती तेव्हाही व्हय. मला वाटलं होतं बरं वाटेल. मी त्यांच्या उघड्या तोंडांकडे बघत होते आणि मला फक्त घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटत होती. बाबा मात्र या वेळी काही म्हणाले नाहीत. मान खाली घालून उभे होते, आणि ओठ मिटलेले होते.

खोबऱ्याचा तुकडा चावत तातूकाका जवळ आले. “मगे, आता परत इमानात बसतलंस?”

“व्हय,” मी म्हटलं. पुढचं म्हाराजा मी लावलं नाही.